काचेचं कॅबिनेट

मला ऐकू येत नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं. ठरवलं माझ्या मुलाने आणि त्यावर शिक्कामोर्तब केलं जावयाने. झालं असं, की मुलाने हौसेने नवे पडदे आणले आणि रंग कसा वाटतो म्हणून मला लागोपाठ तीनदा विचारलं. रंग भयंकर होता. खरं सांगितलं असतं तर तो चार दिवस तोंड पाडून बसला असता आणि खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता, म्हणून मी खिडकीबाहेर बघत राहिले. "आईला ऐकू येईनासं झालंय," तो म्हणाला. जावईबापू तिथेच होते. त्यांनी लगेच माझ्या मागे उभं राहून ताटलीवर चमचा वाजवला. सासूच्या डोक्यामागे चमचे वाजवणाऱ्या माणसाकडे वळून बघायची मला काही गरज वाटली नाही. मला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं त्याच दिवशी ठरलं. ते शेवटपर्यंत ठरतंच राहिलं.

मी तो गैरसमज दूर केला नाही. आयुष्यभर मी बस स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. वर एवढ्या मोठ्या फलकावर गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या असायच्या आणि माणसं त्या फलकाखाली उभी राहून मलाच विचारायची. तेवढी उत्तरं देऊन माझा कोटा संपला होता. बहिरी झाल्यावर कुणी काही विचारायचं नाही, कशात मत मागायचं नाही, आणि माझ्यासमोर सगळे मनात येईल ते बोलायचे. पेन्शनपेक्षा मला या गोष्टीचं सुख जास्त होतं.

सुखाची दुसरी गोष्ट म्हणजे भिंत. आमची एक मोठी खोली मध्ये प्लायवूड घालून दोन केलेली आहे. अलीकडे मी आणि पलीकडे सुनेची कामाची खोली. सून पुस्तकं वाचते, म्हणजे पोटापाण्यासाठी वाचते. बोलकी पुस्तकं काढणारी एक कंपनी आहे, तिच्यासाठी ती घरी बसून मोठ्याने वाचते आणि ते ध्वनिमुद्रित करून पाठवते. रोज सकाळी मंडळी कामावर गेली, की भिंतीपलीकडे तिचं वाचन सुरू होतं. मी पलंगावर पाठ टेकून ऐकत असते. तिचा आवाज भारदस्त आहे आणि ती घाई करत नाही. सून म्हणून ती मला फार आवडते असं नाही, चहा पाणचट करते आणि कपाटाची दारं उघडी टाकते. पण वाचायला लागली, की मी तिला सगळं माफ करते. सकाळचे ते दोन तास सोडले तर माझ्या दिवसात ऐकण्यासारखं दुसरं काही नाही.

आतापर्यंत तिला लहानसहान गोष्टीच मिळायच्या. यंदा कंपनीने एक चांगली जाडजूड कादंबरी देऊ केली. अट एकच, घरून ध्वनिमुद्रित केलेला नमुना स्वच्छ हवा, मागे कसलाही आवाज नको. तिचा जुना कॉम्प्युटर वाचता वाचता मध्येच गोठायचा आणि केलेलं काम पाण्यात जायचं. तेव्हा नवा घ्यायचा ठरला आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं, कारण तो घ्यायचं काम आमच्या चिरंजिवांनी अंगावर घेतलं.

"तुझ्या कामात तडजोड करायची नाही," तो बायकोला म्हणाला. मग त्याने आत बसवायला जे जे निवडलं, ते सगळं रात्री गोळीबाराचे खेळ खेळायला लागतं ते. हे मला त्याच्याच तोंडून कळलं, कारण तो जावयाशी माझ्या समोर बसून बोलत होता. जावई विमा कंपनीत नोकरीला आहेत, पण त्यांचं खरं पद सल्लागाराचं. कुणी काहीही घेत असो, फ्रिज असो नाहीतर चपला, हे गृहस्थ मोबाइलवर दुप्पट वेगाने व्हिडिओ बघतात आणि दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ होऊन हजर. घरचे जावई, त्यामुळे त्यांना तोंडावर मूर्ख म्हणायची सोय नाही.

आतले भाग पटकन ठरले. अडलं ते कॅबिनेटवर. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळं बसवतात तो डबा. मला वाटलं, डबा तो डबा, त्यात काय बघायचं? पण जावई रोज संध्याकाळी आमच्याकडे यायचे आणि दोघे शेजारी बसून डब्यांचे फोटो बघायचे. मुलीसाठी स्थळं बघताना आम्ही इतके फोटो बघितले नव्हते, आणि बघितले असते तर हे जावई कदाचित टळले असते. शेवटी दोघांची नजर एकावर ठरली. समोरून काच, बाजूने काच, आत सात रंगांत चमकणारे पंखे आणि प्रोसेसर गार ठेवायला पाण्याच्या नळ्या.

"लिक्विड कूलिंग म्हणजे विषयच संपला," जावई म्हणाले. "हवेचा कूलर आता कोण लावतो?"

दुसऱ्या दिवशी मुलाने दुकानात फोन लावला. जावयालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. मी समोरच खुर्चीवर होते, पण मी कुणाच्या खिजगणतीत नव्हते. सून कंपनीत कागदपत्रांसाठी गेली होती.

दुकानदाराने आधी विचारलं, "काम कसलं आहे, साहेब?"

"बायको आवाज रेकॉर्ड करते. पुस्तकं वाचते."

"मग हे घेऊ नका," तो म्हणाला. "समोर पूर्ण काच आहे. पंख्यांना हवा ओढायला जागाच नाही, त्यामुळे आत तापतं. आणि त्यासोबत येणारे पंखे कायम एकाच वेगाने फिरतात, हळू करायची सोय नाही. शिवाय पाण्याचा पंप बारीक किणकिणतो तो वेगळाच. समोर जाळी असलेलं साधं कॅबिनेट घ्या, त्यात मोठे, हळू फिरणारे पंखे टाका आणि प्रोसेसरवर चांगला हवेचा कूलर बसवा. चालू आहे की बंद, कळणार नाही."

असं सरळ, एका दमात त्याने सांगितलं. मलासुद्धा कळलं. मुलाने फोनवर हात ठेवला आणि जावयाकडे बघितलं.

"जाळीचं म्हणजे उंदराचा पिंजरा दिसतो," जावई तोंड वाकडं करून म्हणाले. "त्याच्याकडे जाळीवाला माल पडून असेल. खपवतोय तुझ्या गळ्यात."

"तरी पण आवाजाचं म्हणतोय तो," चिरंजीव चाचरत म्हणाले.

"अरे, हेडफोन लावते ना ती? मग तिला कुठून ऐकू येणार?"

माइकला हेडफोन नसतो, एवढं त्या दोन डोक्यांत मिळून शिरलं नाही. काचेचं नक्की झालं.

ते आलं त्या दिवशी घरात नुसती धांदल. सुनेच्या टेबलावर ते ठेवलं आणि बटण दाबलं, तर सर्कशीच्या दारावर असतात तसे दिवे लुकलुकायला लागले. पंपावर एक चिमुकला पडदा होता, त्यावर आतलं तापमान दिसायचं. मुलगा तो आकडा तापाच्या पोरापाशी बसल्यासारखा बघत बसला. शेजारचे येऊन बघून गेले, माझी मुलगी बघून गेली, आणि सगळ्यांनी छान छान म्हटलं. एकटी सून मान तिरकी करून उभी होती.

"हा घुं घुं आवाज कसला?" तिने विचारलं.

"नवीन आहे ना, पंखे बसायला वेळ लागतो," मुलगा म्हणाला.

"आमच्या कामाला चालेल ना पण?"

"वहिनी, दुकानदाराशी बोलून घेतलंय," जावई म्हणाले. "त्यानेच सुचवलं हे."

मी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. डोळ्याची पापणी हलली नाही गृहस्थाची. मुलगा खाली वाकून वायरीशी खेळायला लागला. मला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, पण धपाटा घातला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

पहिला नमुना परत आला. वाचन उत्तम, पण मागे सतत घुमल्यासारखं येतंय, असं कंपनीने कळवलं. चिरंजिवांनी माइकवर खापर फोडलं. माइक बदलला, तरी घुं घुं तसंच. मग जावयाच्या डोक्यातून नवी कल्पना निघाली, की डबाच दुसऱ्या खोलीत ठेवायचा. प्लायवूडला भोक पाडायचं आणि वायरी पलीकडे न्यायच्या. दुसरी खोली म्हणजे अर्थात माझी.

"आईंना त्रास नाही का होणार?" सूनच काय ती म्हणाली.

"अगं, तिला ऐकू येत नाही," मुलगा म्हणाला. "घरात ती एकच जागा अशी आहे की जिथे कुणाला काही फरक पडत नाही."

डबा माझ्या उशापाशी आला. दिवसभर घरघर. दुपारी डोळे मिटले तरी पापण्यांवर हिरवा, मग जांभळा, मग तांबडा उजेड. पण ते मी सहन केलं असतं. खरी चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. सकाळी पलीकडे सून वाचायला बसायची आणि मला त्यातलं अक्षर कळायचं नाही. तिच्या गोष्टीत कोण आलं, कोण गेलं, कोण काय म्हणालं, सगळं त्या पंख्यांनी खाऊन टाकलं. मुलगा म्हणाला ते माझ्या बाबतीत प्रथमच खरं झालं, मला ऐकू येईना. मी रडायची बाई नाही, पण एका सकाळी कान प्लायवूडला लावून उभी राहिले आणि फक्त घरघर ऐकून परत पलंगावर येऊन बसले, तेव्हा मला फार एकटं वाटलं.

दुसरा नमुनाही परत आला. प्लायवूड ते केवढं, घरघर त्यातून पलीकडे जातच होती. कंपनीने आठवड्याची मुदत दिली आणि शेवटची संधी म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी जावयांनी अकलेचे उरलेसुरले तारे तोडले.

"वहिनी, रागावू नका," ते म्हणाले. "कॉम्प्युटर तर आता या खोलीत नाहीच. मग राहिलं काय? तुमचा आवाजच खालच्या पट्टीतला आहे. मशीनला तो घुमल्यासारखा लागत असणार. काही आवाज नसतात अशा कामाचे."

मुलाने फक्त 'असेलही' अशी मान हलवली. एवढ्या मोठ्या गड्याला, जाळीचा डबा घ्या असं दुकानदाराने आपल्याला सांगितलं होतं, हे कबूल करण्यापेक्षा बायकोच्या गळ्यात दोष आहे हे पटवून घेणं सोपं वाटलं. मला त्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सून माझ्या खोलीत आली. बहिणीशी मनातलं बोलायचं असलं, की ती इथेच यायची. मी बहिरी, त्यामुळे ही घरातली सगळ्यात खासगी जागा. पलंगाच्या कडेला बसून ती फोनवर बोलायला लागली.

"नाही गं, माझ्या आवाजातच आहे काहीतरी. इतके दिवस कुणी बोललं नाही म्हणून मला वाटलं आपण बरं वाचतो. उद्या कळवून टाकते त्यांना, की मला नाही जमणार. हो, नंतरची पण कामं नको. पुन्हा त्यांना कुठलं तोंड दाखवायचं?" मग पलीकडचं ऐकून, "हो, म्हातारी इथेच आहे. तिला काय कळतंय."

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली, हात मांडीवर पालथे टाकून. तिला रडूसुद्धा येत नव्हतं. पटलं होतं तिला. ज्या आवाजासाठी मी सकाळची वाट बघते, तो वाईट आहे हे दोन गाढवांनी तिला पटवून दिलं होतं, आणि उद्या ती नाही म्हटल्यावर भिंतीपलीकडे कायमची सामसूम होणार होती.

"आधी तो डबा बंद कर," मी म्हटलं.

ती दचकली. बोललं कोण, म्हणून आधी तिने त्या डब्याकडेच बघितलं.

"बंद कर म्हणते ना. किती ओरडायला लावशील?"

तिने जाऊन बटण दाबलं. पंखे थांबले आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"तुझा आवाज चांगला आहे," मी म्हटलं. "खोट या डब्यात आहे. दुकानदाराने फोनवर साफ सांगितलं होतं, काचेचं घेऊ नका, घुमेल. आवाजाच्या कामाला जाळीचं घ्या, मोठे पंखे, हळू फिरणारे, आणि प्रोसेसरवर हवेचा कूलर. माझ्यासमोर सांगितलं. या दोघांना ते उंदराचा पिंजरा वाटलं."

"पण भाऊजी तर म्हणाले, दुकानदारानेच..."

"थाप मारली. आणि तुझ्या नवऱ्याने ती तुला गिळू दिली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. डबा, दुकानदार सगळं मागे पडून दुसरंच काहीतरी तिच्या डोक्यात चढत गेलेलं मला चेहऱ्यावर दिसलं.

"तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग मी इथे बसून फोनवर बहिणीशी..."

"तेही. मी बहिरी झाल्यापासून बरी वागते, हे तू तिला तीनदा सांगितलंस."

ती कानापर्यंत लाल झाली. "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू फोन बाहेर जाऊन केला असतास. मग या घरात मला कुणाचं खरं बोलणं ऐकायला मिळालं असतं?"

मला एवढं बोलून धाप लागली होती. ती उठली, मुलाच्या टेबलावरून दुकानाचं कार्ड शोधून आणलं आणि माझ्यासमोर उभी राहून फोन लावला. "मी साहेबांना तेव्हाच म्हणालो होतो, ताई," हे दुकानदाराचं पहिलं वाक्य. तिने त्याला सगळं पुन्हा विचारलं. पंखे केवढे, जाळी कुठे कुठे, धूळ कशी काढायची, कूलर आत मावेल का. दिवे किती रंगांचे ते तिने विचारलं नाही.

संध्याकाळी दोन्ही तज्ज्ञ घरी आले तेव्हा टेबलावर जाळीचा काळा डबा होता, आणि त्यात मोठे तीन पंखे. दुकानातला माणूस येऊन सगळं या डब्यातून त्या डब्यात बसवून गेला होता.

"हे काय ध्यान आणलंस?" मुलगा म्हणाला.

"दुकानदाराने तुम्हाला सांगितलं होतं तेच," सून म्हणाली.

"कोण म्हणतं असं?"

"मी म्हणते," मी दारातून म्हटलं.

जावईबापू माझ्या कानांकडे असे बघायला लागले, की जणू ते आत्ताच फुटून आलेत.

"सासूबाई, तुम्हाला... कधीपासून?"

"जन्मापासून."

मग ततपप झालं, गैरसमज झाला, चुकीची लिंक उघडली, व्हिडिओत तसं सांगितलं होतं वगैरे झालं. मी मध्येच उठून आत गेले, कारण ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. काचेचा डबा जावई स्वतःच्या घरी घेऊन गेले. आता माझी मुलगी ती घरघर ऐकते. लग्नाआधी मीच तिला नीट बघ म्हणून सांगितलं होतं, पण तिलाही समोरची काचच आवडली होती.

नवा डबा खरोखरच चालू आहे की बंद, कळत नाही. तो पुन्हा पलीकडच्या खोलीत गेला आणि सकाळी भिंतीतून शब्द यायला लागले, एकेक स्वच्छ. घरात मात्र बाकीचे आवाज कमी झाले. मुलगा जावयाशी बोलायला गच्चीत जातो. माझ्यासमोर सगळे तोंड सांभाळून बोलतात, हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि मत विचारतात. पडद्यांचंही विचारलं. यावेळी मी सांगितलं, आणि अपेक्षेप्रमाणे तो चार दिवस तोंड पाडून बसला. सून आता फोन करायला माझ्या खोलीत येत नाही.

तिचा तिसरा नमुना पसंत पडला आणि कादंबरी मिळाली. ती बातमी सांगायला आली तेव्हा तिच्यामागे मुलगा होता, हातात स्पंजच्या जाड करड्या लाद्या घेऊन.

"एकच तक्रार आहे त्यांची," तो म्हणाला. "मागून मध्येच कुणीतरी खोकल्याचं येतं. तेव्हा ही मधली भिंत पलीकडून झाकून टाकायची. मग इकडचं तिकडे काही जाणार नाही आणि तिकडचं इकडे काही येणार नाही."

कधी नाही ते त्याने बरोबर माहिती काढली होती. स्पंज जाड होता, चांगल्यातला होता. तो लाद्या मोजायला लागला. या घरात मी कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागायची वेळ येऊ नये म्हणून तर बहिरी होऊन बसले होते.

"ही भिंत राहू दे," मी सुनेला म्हटलं. "बाकीच्या झाका."

"का?" तिने विचारलं.

मी मुलाकडे बघितलं, की हा जाईल तर बरं. तो गेला नाही.

"मी ऐकते," मी म्हटलं. "तू वाचतेस ते. रोज. पहिल्यापासून. सकाळ त्याचसाठी होते माझी."

सुनेने मुलाच्या हातातल्या लाद्यांकडे बघितलं, मग त्या प्लायवूडकडे.

"पण आई, अख्खी कादंबरी आहे," ती हळू म्हणाली. "त्यात एक जरी आवाज गेला तरी परत करायला लावतील. शेवटचं सांगितलंय त्यांनी."

"आणि खोकला काय सांगून येतो का?" मुलगा म्हणाला.

"नाही खोकणार," मी सुनेला म्हटलं.